‘पण’च्या पुढचं

शनिवारी दुपारी चिरमुल्यांच्या घरात दिव्यांवरून जुंपली. वासुदेवरावांची पंचाहत्तरी दुसऱ्या दिवशी, रविवारी, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये व्हायची होती. पंचाहत्तरी म्हटली की पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळायला हवं, आणि हे पुण्याइतकंच जर्मनीतल्या उंटरश्लाइसहाइमलाही लागू आहे, असं प्रभाताईंचं मत होतं. सकाळी उठून त्यांनी कणीक भिजवली, दिवे वळले, वाफवले आणि परातीत मांडून ठेवले. तेवढ्यात कपिल हॉलची देखभाल करणाऱ्या हाउसमाइस्टरला भेटून आला आणि म्हणाला, "उघडी ज्योत चालणार नाही. छताला राउखमेल्डर आहेत. धूर लागला की थेट बंब येतो."

"कणकेच्या दिव्यांचा कसला रे धूर?"

"आई, नियम आहे."

जर्मनीत नियम आहे म्हटलं की पुढे बोलायचं नसतं, एवढं प्रभाताई दोन महिन्यांत शिकल्या होत्या. पण न बोलताही परात आपटता येते, आणि ती त्यांनी आपटली. मग ऊर्मिलाने कपाटातून सेलवर लुकलुकणाऱ्या चिमुकल्या मेणबत्त्या काढल्या आणि म्हणाली, "आई, ह्या आपण तुमच्या दिव्यांत बसवू. दिवे तुमचेच, ज्योत तेवढी बिनधुराची." सून हुशार. नवऱ्याचा नियम मोडला नाही आणि सासूची कणीकही वाया गेली नाही.

खरं तर भांडण दिव्यांचं नव्हतंच. भांडण बुधवारी आलेल्या फोनचं होतं आणि तीन दिवस त्याचं नाव कोणी काढत नव्हतं.

फोन पुण्याहून आला होता. मीनल नावाची एक मुलगी, हो, प्रभाताईंच्या लेखी मुलगीच, सिनेमा करणार होती आणि तिला वासुदेव चिरमुले हवे होते. दोन सीनसाठी नाही. आख्ख्या सिनेमासाठी. पहिल्या दृश्यापासून शेवटच्या दृश्यापर्यंत एक म्हातारा आहे, म्हणाली, आणि तो म्हातारा तुम्हीच. नोव्हेंबरात कोल्हापूरकडे शूटिंग. रविवारपर्यंत सांगा.

वासुदेवराव फोन स्पीकरवर टाकून जेवणाच्या टेबलाशी उभे होते. बसून बोलायचं त्यांना सुचलंच नाही. "अहो, पण मी सध्या जर्मनीत..." एवढं त्यांनी म्हटलं, तोच कपिल ऑफिसातून आला. बूट काढता काढता त्याने सगळं ऐकलं होतं. तो पुढे झाला आणि फोनकडे वाकून म्हणाला, "नमस्कार, मी त्यांचा मुलगा बोलतोय. बाबा हार्ट पेशंट आहेत. त्यांना हे झेपणार नाही." वासुदेवराव अर्धं पाऊल मागे सरकले. प्रभाताई म्हणाल्या, "अरे, पण..." आणि कपिल म्हणाला, "आई, प्लीज. तू मध्ये नको." तिथेच थांबलं ते.

हे अर्धं पाऊल मागे सरकणं प्रभाताईंच्या चांगल्या ओळखीचं होतं. हीरो चौकटीत आला की वासुदेवराव चिरमुले अर्धं पाऊल मागे सरकत. उभा जन्म त्यांनी हेच केलं. नोकरी टेलिफोन खात्यात, पण रजा निघायच्या त्या सगळ्या शूटिंगसाठी. तलाठी, हवालदार, नवरीचे मामा, हीरोला वाईट बातमी सांगणारे डॉक्टर, पाटलाच्या मागे वही घेऊन फिरणारे कारकून. सिनेमे किती केले ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. दोनशे म्हणा, सव्वादोनशे म्हणा. आणि त्यातल्या निम्म्याअधिक सिनेमांत त्यांचं एकच वाक्य असायचं: "अहो, पण..." तेवढ्यात पाटील खेकसायचा, नाहीतर हीरो थोबाडीत द्यायचा, नाहीतर नायिकेची आई मूर्च्छा येऊन पडायची. वाक्य काही पुरं व्हायचं नाही. पुण्यात रस्त्यात पोरं त्यांना बघून ‘अहो, पण’ असं ओरडायची. ह्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. नाव माहीत नसलं तरी चालतं, चेहरा माहीत आहे ना, म्हणायचे.

कपिलला मात्र वाईट वाटायचं. आणि आता तर वाईट वाटण्याच्या पलीकडे गोष्ट गेली होती. मागच्या वर्षी मे महिन्यात साताऱ्याकडे, उन्हात, हातात सरपंचाचा हार धरून वासुदेवराव उभे होते ते तसेच खाली बसले आणि उठले नाहीत. युनिटच्या पोरांनी जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं, दोन स्टेंट पडले, माणूस वाचला. त्या दिवशी फोन प्रभाताईंच्या आधी कपिलला आला होता.

म्हणून दिव्यांचा वाद मिटल्यावर तो स्वयंपाकघरात आला, दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, "आई, उद्या मी स्टेजवर जाहीर करणार आहे. बाबा आजपासून रिटायर. सगळ्यांसमोर शाल, मानपत्र, सगळं मानानं. सगळ्यांसमोर ते नाही म्हणणार नाहीत."

"आणि त्या मीनलला?"

"तिला मी बुधवारीच सांगितलंय. आई, तू फक्त गप्प राहा. बाबा तुझ्याकडे बघतील, तेव्हा तू मान हलव. एवढंच कर माझ्यासाठी."

प्रभाताई कणकेचा हात धूत होत्या. त्यांनी मान हलवली. त्यांना भीती वाटत होती, हे खरंच होतं. साताऱ्याच्या त्या दवाखान्यातला बाक त्यांना अजून स्वप्नात दिसायचा. पण दुसरंही एक दिसायचं आणि ते जागेपणी. दवाखान्यातून आल्यापासून हा माणूस रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसतो आणि कोणी बोलवत नाही. ह्याचं त्यांना भीतीपेक्षाही जास्त वाईट वाटत होतं, पण ते कुणाला सांगावं ते कळत नव्हतं.

*

चहाच्या वेळेला धाकटा सिद्धांत बॉनहून आला. वासुदेवराव पाय मोकळे करायला गेले होते, त्यामुळे बोलायला रान मोकळं मिळालं.

"दादा, तो फोन मी घेतला असता ना, तर सरळ हो म्हणून सांगितलं असतं," सिद्धांत चहात टोस्ट बुडवत म्हणाला. "लीड रोल आहे! बाबांना! आयुष्यभर त्यांनी..."

"तुला आला नव्हता ना फोन," कपिल म्हणाला. "मागच्या वर्षीचा. मला आला. मी मिटिंगमध्ये होतो. पलीकडून कोण बोलतंय तेही कळेना. ‘तुमचे फादर पडलेत,’ म्हणाला आणि फोन कट. परत लागेना. तू तेव्हा कुठे होतास?"

सिद्धांतचा टोस्ट चहात पडला. "आल्झो... तसं बघितलं तर तुझंही बरोबर आहे," तो म्हणाला. सिद्धांतचं पहिल्यापासून असंच. बॉनहून निघतो तेव्हा बापाच्या बाजूने असतो, कप रिकामा होईपर्यंत भावाच्या.

"डॉक्टरांचं म्हणणं पण..." ऊर्मिलाने सुरुवात केली.

"डॉक्टर काय, कागदावर बघतात," कपिल म्हणाला.

"हालो, इश हाब आइने रोले..." ही शमिका. चौदा वर्षांची, शाळेच्या नाटकाच्या तालमीहून आल्यापासून दारात उभी होती.

"शमी, बूट," कपिल म्हणाला.

"पापा, इम टेआटर, इश हाब..."

"अगं काकाला हाय तरी म्हण आधी," सिद्धांत म्हणाला.

"चहा घेतेस का गं दूध?" प्रभाताईंनीही विचारलंच.

शमिकाने दप्तर जमिनीवर टाकलं आणि किंचाळली, "लास मिश आउसरेडन!" आणि गॅलरीत निघून गेली. दार आपटण्यात ती थेट आजीवर गेली होती.

"काय म्हणाली?" प्रभाताईंनी विचारलं.

"म्हणाली, माझं बोलणं पुरं होऊ द्या," ऊर्मिला म्हणाली. "इथे किंडरगार्टनपासून शिकवतात त्यांना. दुसऱ्याचं वाक्य तोडायचं नाही. कोणी तोडलं तर असं म्हणायचं, मग समोरच्याला गप्प बसावंच लागतं."

"बसतात?"

"बसतात की."

प्रभाताईंना हे फारच नवलाचं वाटलं. चिरमुल्यांच्या घरात लग्न होऊन आल्यापासून आपलं एखादं वाक्य पुरं झाल्याचं त्यांना आठवेना. कप विसळताना त्या पुटपुटत होत्या, लास मिश आउसरेडन, लास मिश आउसरेडन. रामरक्षा अशीच तोंडपाठ केली होती त्यांनी, अर्थ मागाहून कळला.

वाळत घातलेले कपडे काढायला त्या गॅलरीच्या दाराशी गेल्या, तोवर वासुदेवराव फिरून येऊन नातीजवळ बसले होते. शमिकाला शाळेच्या नाटकात काम मिळालं होतं. मोलकरणीचं. वाक्य एक, तेही अर्धं.

"मग उत्तमच की!" वासुदेवराव म्हणत होते. "अर्ध्या वाक्याला अक्कल लागते. पूर्ण वाक्य काय, कोणीही म्हणतो."

"वारुम?"

"का म्हणजे? तुला माहीत असतं की पुढे आपल्याला तोडणार आहेत. बरोबर? तिथे लोक काय करतात, ‘पण’ म्हणतात आणि वाट बघत उभे राहतात. बघणाऱ्याला लगेच कळतं की पुढे काहीच नाही. आपण पुढचं बोलायला निघायचं. तोंडात शब्द हवा. मग समोरचा तोडतो तेव्हा खरं तुटतं."

शमिका विचारात पडली. मराठी तिला सगळं कळत असे, तोंडातून मात्र जर्मन निघे. "उन्ड वास वार दास? त्या ‘पण’च्या नंतर?"

"लिहिलेलं काही नसायचं. तीन टिंबं असायची. मी आपलं मनात काहीतरी तयार ठेवायचो. दर सिनेमात वेगळं. हवालदाराचं वेगळं, मामाचं वेगळं."

"इमर?"

"नेहमी. पुढचं वाक्य नाही असा ‘पण’ मी आयुष्यात म्हटला नाही."

प्रभाताई वाळलेले टॉवेल छातीशी धरून दारातच उभ्या राहिल्या. इतकी वर्षं संसार केला आणि हे आपल्याला ठाऊक नव्हतं, ह्याचा त्यांना रागच आला. बुधवारी फोनवर ‘अहो, पण’ म्हणून हे थांबले, त्याच्याही पुढे काहीतरी असणार. कोणी विचारलं का? आपण तरी विचारलं?

*

रविवारी हॉल भरला. मराठी मंडळाची झाडून सगळी माणसं आली होती, लांबलांबून लोक आले होते. पैठण्या, नथी, लेदरहोजे म्हणजे इथली चामडी चड्डी घातलेला एक उत्साही पुणेकर, सगळं होतं. मंडळाच्या अध्यक्ष सुलेखाबाई माइकवरून हलत नव्हत्या. मागच्या दाराशी हाउसमाइस्टर हेर लिंडनर हाताची घडी घालून छताकडे बघत होते. कुठे ज्योत पेटते की काय ह्याकडे त्यांचं बारीक लक्ष होतं. प्रभाताईंनी कणकेचे दिवे ताटांत मांडले, सेलच्या ज्योती लुकलुकल्या, सुवासिनींनी ओवाळलं. हेर लिंडनरनी जवळ येऊन एक दिवा उचलून पाहिला, कणीक दाबून पाहिली आणि समाधानाने मान डोलावली. मग त्यांना कोणीतरी वडा दिला, आणि छताकडचं लक्ष उडालं.

मग सिद्धांतने दिवे मालवले आणि पडद्यावर त्याची फिल्म लावली. कुठून कुठून गोळा केलेले वासुदेवरावांचे सगळे ‘पण’ त्याने एकामागून एक जोडले होते. तलाठी म्हणाला "अहो, पण...", पाटील खेकसला. हवालदार म्हणाला "अहो साहेब, पण...", साहेबाने दार लावलं. मामा, मुनीम, वकील, भटजी. लोक हसून हसून खुर्च्यांवरून घसरत होते. वासुदेवराव पहिल्या रांगेत बसून स्वतःही हसत होते.

प्रभाताई मात्र कपडे बघत होत्या. छोट्या नटाने कपडे आपले आपण आणायचे, असा तेव्हाचा शिरस्ता होता. तो तलाठ्याचा चौकड्यांचा शर्ट दिवाळीत त्यांनीच घेतलेला. डॉक्टरांच्या अंगातला कोट कपिलच्या मुंजीतला. शूटिंगला नेला आणि शाईचा डाग घेऊन आला. भटजींच्या खांद्यावरची शाल प्रभाताईंच्या स्वतःच्या बाळंतपणातली. आपलं सगळं कपाट त्या पडद्यावर येऊन गेलं होतं. आपण मात्र एकदाही शूटिंगला गेलो नाही. बायकामुलांना आणू नका, असं कोणी सांगितलं नव्हतं. या असंही कोणी म्हटलं नव्हतं.

दिवे लागले. टाळ्या थांबेनात. कपिल माइकपाशी गेला. तो चांगलं बोलला, मनापासून बोलला. लहानपणी बाबा शूटिंगहून पहाटे यायचे आणि तोंडाचा रंग पुसायच्या आधी आम्हाला शाळेसाठी उठवायचे, असं म्हणाला तेव्हा बायकांनी डोळे पुसले. मग तो म्हणाला, "बाबांनी खूप केलं. आता आम्ही सगळ्यांनी ठरवलंय. आजपासून बाबांनी चेहऱ्याला रंग लावायचा नाही. आजपासून फक्त आराम. बाबांच्या निवृत्तीसाठी जोरदार टाळ्या!"

सुलेखाबाई शाल घेऊन पुढे झाल्या. वासुदेवराव उभे राहिले. त्यांचा चेहरा बघून प्रभाताई खुर्चीच्या कडेवर सरकल्या.

"कपिल," ते म्हणाले, "पण..."

हॉल फुटला. शिट्ट्या वाजल्या. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याने काय झकास टायमिंग साधलं! मागून कोणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!"

"नाही, तसं नव्हे, पण..."

पुन्हा हशा. आता सगळा हॉल एका सुरात "अहो, पण!" म्हणू लागला. लेदरहोजेवाला खुर्चीवर उभा राहिला. सुलेखाबाई डोळ्यांतलं पाणी टिपत होत्या, हसण्याचं. कपिलही हसत होता आणि हसता हसता त्याने शाल बापाच्या खांद्यावर घातली.

वासुदेवरावांनी प्रभाताईंकडे पाहिलं.

मान हलवायची ती वेळ. प्रभाताईंना कपिलला दिलेला शब्द आठवला, दवाखान्यातला बाक आठवला. आणि तेवढ्यात वासुदेवराव हसले. ते हसू प्रभाताईंनी आत्ताच पडद्यावर ओळीने पाहिलं होतं. वासुदेवराव अर्धं पाऊल मागे सरकले.

प्रभाताई उठल्या. उठताना खुर्ची पडली. आयुष्यात त्या कधी चार माणसांपुढे बोलल्या नव्हत्या. मराठीत ओरडलं तर ह्या गलक्यात कोण ऐकणार, हे त्यांना कळत होतं, म्हणून त्यांनी आदल्या दिवशी पाठ केलेलं सगळं बळ एकवटून म्हटलं.

"लास मिश आउसरेडन!"

मागच्या दाराशी हेर लिंडनर खडबडून जागे झाले. इतक्या वेळात त्यांना कळलेलं हे पहिलं वाक्य. "प्स्स्ट! बिटं!" ते गरजले. "बिटं, फ्राउ चिरमुले!" म्हणजे, बोला, बाई.

हॉल चिडीचूप झाला. मुलं तर आधीच गप्प झाली होती. हे वाक्य आलं की गप्प व्हायचं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. सगळे प्रभाताईंकडे बघू लागले. प्रभाताई नवऱ्याकडे बघू लागल्या. आता बोला ना, असं. पण लोक काही माना वळवेनात.

शमिका त्यांच्या कानाशी आली. "आज्जी, दू हास्ट ‘मिश’ गेझाक्ट. तू म्हणालीस, *मला* बोलू द्या. ‘त्यांना’ असं नाही. ‘मला’."

"अगं बाई," प्रभाताई म्हणाल्या.

चूक झाली होती खरी. पण सगळा हॉल वाट बघत होता, हेर लिंडनर अर्धा वडा हातात धरून थांबले होते. इतकी शांतता प्रभाताईंच्या वाट्याला कधी आली नव्हती. ती वाया घालवणं त्यांच्या जिवावर आलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग मीच बोलते. बुधवारी ह्यांना फोन आला. सिनेमात काम आहे, मोठं. मी ‘पण’ म्हणाले आणि थांबले. पुढचं असं होतं, की अरे पण, आपण त्यांना विचारू या तरी." त्यांनी पदराचं टोक घट्ट धरलं. "कपिल, मी तुला शब्द दिला होता. तो मोडला. मलाही भीती वाटते रे. तुझ्याइतकीच वाटते. पण हा माणूस रोज दाढी करून बसतो आणि त्याला कोणी बोलवत नाही, हे मला बघवत नाही. ते आत्ता ‘पण’ म्हणाले ते गंमत म्हणून नाही. त्यांच्या प्रत्येक ‘पण’च्या पुढे वाक्य असतं. ते ऐका." आणि नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "हं. बोला आता. कोणी तोडणार नाही."

वासुदेवराव शाल सावरत उभे राहिले. बोलले मात्र नाहीत. हीरो येईना, पाटील खेकसेना, कोणी मूर्च्छा येऊन पडेना. समोर नुसती शांतता. आयुष्यभर जे मनात तयार ठेवलं ते मोठ्याने म्हणायची ही पहिलीच खेप, आणि बिचाऱ्यांना शब्द सापडेना.

"पण..." ते म्हणाले. कोणी हसलं नाही.

"पण मला काम करायचंय," ते म्हणाले. "अजून करायचंय. बस्स, एवढंच होतं."

आणि ते खाली बसले. आधी शमिकाने टाळी वाजवली, मग ऊर्मिलाने, मग सगळ्यांनी. ह्या टाळ्या वेगळ्या होत्या. त्यात शिट्टी नव्हती. कपिलने माइक सुलेखाबाईंच्या हातात दिला आणि तो हॉलबाहेर गेला.

*

तो मागच्या खोलीत रचलेल्या खुर्च्यांपाशी सापडला. प्रभाताई आणि वासुदेवराव आत गेले, पाठोपाठ ऊर्मिला आणि शमिका. सिद्धांत दारात घुटमळला; आता कोणाच्या बाजूने असावं ते त्याला कळत नव्हतं.

"मी व्हिलन झालो सगळ्यांसमोर," कपिल म्हणाला. "मला काय हौस आहे? तो माणूस फोनवर..."

"अरे, पण आम्ही..." वासुदेवराव म्हणाले.

प्रभाताईंनी त्यांच्या दंडावर हात ठेवला. "त्याचं होऊ द्या."

मग कपिलने सगळं सांगितलं. फोन कट झाल्यावर पुन्हा पुन्हा लावला, लागला नाही. विमानात बसला तेव्हाही बाबा आहेत की गेले हे माहीत नव्हतं. शेजारच्या बाईने विचारलं, सुट्टीला चाललात का, आणि तो हो म्हणाला. मुंबईला उतरेपर्यंत मनातल्या मनात त्याने बापाची माफी मागितली, लहानपणी शाळेत ‘ते माझे बाबा नव्हेत’ असं सांगितल्याबद्दल. बोलता बोलता तो लहान मुलासारखा रडला. मध्ये कोणी एक शब्द बोललं नाही. चिरमुल्यांच्या घराण्यात हे पहिल्यांदा घडलं असावं.

"मला वाटलं होतं, दवाखान्यात तू सुटकेस घेऊन आलास म्हणजे ऑफिसच्या कामाने आलास," वासुदेवराव हळूच म्हणाले. त्यांनी मुलाच्या डोक्यावर हात ठेवला.

थोड्या वेळाने ऊर्मिला म्हणाली, "आता माझंही ऐका. परवा कार्डिओलोगेकडे बाबांना मी घेऊन गेले होते. ते म्हणाले, काम करू दे. उन्हात नाही, उपाशी नाही, जिने नाहीत, आणि गोळ्या वेळेवर. पण करू दे. मी काल हेच सांगत होते, कपिल."

कपिलने नाक पुसलं. "उन्हात नाही म्हणाले?"

"नोव्हेंबरात कसलं ऊन?" सिद्धांत दारातून म्हणाला. त्याची बाजू ठरली होती.

"तिथे ह्यांच्या गोळ्यांकडे कोण बघणार? युनिटची पोरं?"

"मी जाणार आहे," प्रभाताई म्हणाल्या. सगळे त्यांच्याकडे बघू लागले. "माझं हेही राहिलं होतं बुधवारी. मी कधी शूटिंग बघितलं नाही. सगळे कपडे माझ्या कपाटातले, आणि मी तेवढी घरात. आता मी जाणार, खुर्ची टाकून बसणार, आणि ऊन आलं की ह्यांना उठवणार. मग डायरेक्टर कोणी का असेना."

कपिल बापाकडे वळला. मग त्याने विचारलं, "रोल काय आहे?"

"रिटायर्ड हेडमास्तर आहे."

"कपडे?"

वासुदेवराव ओशाळले. "आपलेच. त्यांचं बजेट कमी आहे म्हणाली."

कपिलने अंगातला कोट काढला. मघाशी स्टेजवर घातलेला, राखाडी, चांगला. त्याने तो बापाच्या मागे धरला आणि वासुदेवरावांनी बाह्यांत हात घातले. खांदे बसले, बाह्या लांब झाल्या. प्रभाताईंनी बांगडीतली सेफ्टी पिन काढली, बाही आत दुमडली आणि टोचली. "चार बोटं आत घ्यावी लागेल," त्या म्हणाल्या. "आणि ह्यावर शाई सांडायची नाही. सांगून ठेवते."

शमिकाने आजोबांच्या हातात फोन दिला. पलीकडे दोनदा घंटी वाजली.

"हॅलो? मीनल? मी वासुदेव चिरमुले बोलतोय."

"अय्या, काका! तुमचा नकार कळला हो, काही हरकत नाही, आम्ही दुसऱ्या कोणाला..."

वासुदेवराव सवयीने अर्धं पाऊल मागे सरकले. मागे प्रभाताई उभ्या होत्या. वासुदेवरावांची पाठ त्यांना टेकली आणि ते थांबले.

"थांबा," ते म्हणाले. "माझं वाक्य अजून व्हायचंय."